रंगवलेलं इंजिन

शिरूरच्या त्या मिस्त्रींचं नाव मी विचारलं नाही. आमच्या जीपला दुसरं इंजिन बसवलं होतं आणि सकाळी निघताना ती दारात सुरूच होत नव्हती. अकराला पुण्यात माझी परीक्षा होती.

मिस्त्रींनी बॅटरी तपासली. मग इंजिनला जोडलेली अर्थिंगची वायर सोडवून तिच्याखाली बोट फिरवलं.

"रंग कुणी दिला वो?"

गाडीच्या पूजेला इंजिन नवं दिसावं म्हणून बाबांनीच दिला होता. ते नखात राहिलेला रंग खरवडू लागले.

मिस्त्रींनी तेवढा रंग पॉलिश पेपरनं घासून वायर पुन्हा आवळली. किल्ली फिरवताच जीप सुरू झाली.

"रंग झ्याक बसलाय, आप्पा," ते बाबांना म्हणाले. "फकस्त वायरीखाली करंट अडतो. तेवढी जागा सोडायची."

बाबा मोकळं हसले. मिस्त्रींनी माझ्यादेखत त्यांची चेष्टा केली नाही, याचं मला जीप सुरू होण्याइतकंच बरं वाटलं.