हिरवेगार खडक

तायडे सरांना शेवाळ दिसले की राहवत नसे. शाळेची टाकी असो, बडनेरा स्टेशनचा नळ असो की कुणाच्या घरची मोरी. बोलता बोलता ते नखाने खरवडायला लागत. एकदा तर नवरदेव यायच्या वेळी मांडवातल्या रांजणाशी हेच चालले होते. आम्ही विद्यार्थी हसायचो.

"हासू नोका," सर म्हणत. "समुद्रात हे काम पोपटमासा करते. प्रवाळ म्हणजे दगड नाई, जीव आहे. त्याच्यावर शेवाळ चढलं का ते गुदमरते. मासा चोचीनं खरवडून खाते, म्हणून ते जगते." हे सांगणाऱ्या माणसाने तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता.

पाहिला तो निवृत्तीनंतर. मुलगा मिलिंद बँकेत. त्याची बदली लक्षद्वीपच्या एका बेटावर झाली, म्हणून सर तिकडे गेले. शेजाऱ्यांनी मोठ्या मानाने जेवायला बोलावले. तळलेला मासा सरांनी दोनदा मागून घेतला. हात धुवायला मागे गेले, तर पाटावर एक निळे-हिरवे डोके पडले होते, चोचीसकट.

"जन्मभर ज्याचे गुण गायले, त्यालेच खाल्लं मी," परतल्यावर त्यांनी मला सांगितले. "अन् वरून मागून खाल्लं."

"सर, एका माशाने काय होते?"

"पाहुणा मी एकटाच आहे काय? येईल त्याले तोच वाढतात."

तेव्हापासून दर रविवारी ते मिलिंदला फोनवर विचारत, "घरामागच्या खडकावर पोपटमासा दिसला काय रे?" मिलिंद नाही म्हणे. मग सरांचे जेवणात लक्ष नसे. हा माणूस झुरत होता आणि मला ते बघवत नव्हते.

एका रविवारी मी समोरच होतो. फोन स्पीकरवर होता. "आता लय दिसतात, बाबा," मिलिंद म्हणाला. "खडक तर कसे हिरवेगार झाले, आपल्या चिखलदऱ्यावानी."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मासे असते तर खडकांवर शेवाळ उरलेच नसते, हे त्यांनीच मला शिकवले होते. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना हिरवे म्हणजे सगळे बरे. बिचाऱ्या मिलिंदला तेवढेच ठाऊक.

"बरं केलं बेटा, सांगतलं," सर म्हणाले. फोन ठेवून ते माठावरचा हिरवट डाग खरवडत बसले. पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही.

सर गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, एकबी मासा नव्हता तिथं. खोटं बोललो मी. पन त्यानंतर बाबानं विचारनंच सोडलं, समाधान झालं त्याईचं. बरं केलं न मी?"

"बरं केलं," मी म्हणालो. सरांनीही त्याला तेच सांगितले होते.