जागा उरली तर

सरकारी विमान कंपनीच्या तिकीट कचेरीत भिंतभर एक नकाशा होता. राजधानीच्या टाचणीपासून निघालेले लाल दोरे पार समुद्रापलीकडे पोहोचलेले. नवा मार्ग सुरू झाला की भाषण ठोकायचे साहेब आणि दोरा ताणायची खिडकीवरची बाई. म्हणून तिचं नाव पडलं नकाशाताई. कंपनीला कुणी नावं ठेवली की तिचं डोकं सणकायचं. विमान कितीही रखडो, "रखडलं तरी आपलं आहे," हे तिचं ठरलेलं उत्तर.

सगळ्यात लांबचा दोरा तिचा लाडका. त्याच्या टोकाला तिचा धाकटा भाऊ राहायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि आपल्याच विमानाने तिकडे धाडलं. कर्मचाऱ्यांना प्रवास फुकट होता, पण जागा उरली तर. एकदोनदा नशीब उघडलं, तेवढंच. एरवी ताई हौसेने बॅग भरून विमानतळावर जायची आणि विमान भरलं की तीच बॅग घेऊन घरी यायची.

"अगं, मी दुसऱ्या कंपनीचं तिकीट पाठवतो," भाऊ फोनवर वैतागायचा.

"परक्यांच्या विमानात बसू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तुझ्याच विमानात तुला जागा नाही, ताई!"

यावर दोघंही पोट धरून हसायची.

पुढे कंपनीला उतरती कळा लागली. मार्ग बंद होऊ लागले आणि दोरे काढायचं कामही ताईच्याच गळ्यात पडलं. टाचणी उपटताना तिचा जीव तुटायचा. लांबच्या दोऱ्याची पाळी आली, त्याच सुमारास भावाने अंथरूण धरलं.

"ताई, लवकर या हो," वहिनी फोनवर म्हणाली. "सारखी तुमचीच आठवण काढतात."

दुसरं कुणी असतं तर मिळेल ते विमान पकडून निघालं असतं. ही बया आपल्याच शेवटच्या विमानाची वाट बघत बसली! त्या विमानाला पाठ दाखवणं तिच्या जिवावर आलं.

आणि जागा मिळाली. अगदी मागे, खिडकीशी. ताईने पट्टा बांधला, डोळे मिटले. दार लागणार एवढ्यात एक प्रवासी धापा टाकत आत आला, हातात पक्कं तिकीट. विमानातली मुलगी ताईला ओळखायची. ती ताईच्या रांगेशी येऊन थांबली.

"उठते गं," ताई म्हणाली. "तुझा काय दोष?"

भाऊ अत्यवस्थ आहे, एवढं बोलली असती तर कुणाचंही मन द्रवलं असतं. नाही बोलली. बॅग उचलली आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी ती परक्या कंपनीच्या खिडकीसमोर उभी राहिली. इतकी वर्षं त्या कचेरीची पायरीही ती चढली नव्हती. वाटेत विमान बदलायचं होतं. तिथे उतरल्या उतरल्या तिने फोन लावला. वहिनी काही सांगेना, नुसती रडत राहिली.

आता गेलं काय नि न गेलं काय. तरीही ताई पुढच्या विमानात चढली. विमान अर्ध्याहून अधिक रिकामं होतं. ती हातातल्या तिकिटावरचा आकडा शोधू लागली, तशी तिथली पोरगी हसून म्हणाली, "कुठेही बसा मावशी, जागाच जागा आहे."

ताईला बसताच येईना. रांगांच्या मधल्या वाटेत उभी राहून ती लहान पोरासारखी हमसून हमसून रडली.