दादाची रेसची सायकल

परवा नातवानं सायकलची साखळी रॉकेलमध्ये बुडवली आणि त्या वासासरशी मी इंग्रजी अमदानीतल्या शुक्रवार पेठेत, आमच्या अंगणात जाऊन पोचले. तेव्हा मी सोळा वर्षांची होते.

दादानं रेससाठी स्वतःच्या मापाची सायकल मुद्दाम बांधून घेतली होती. गिरणीतल्या अपघातात त्याचा पाय गेला आणि त्यानं ती भंगारात दिली. मी ती भंगारवाल्या कासीमचाचांकडे परत मागितली.

"बेटी, जंग खा गया इसकू. छोड दे."

"सोडायची न्हाय, चाचा. कसं करायचं तेवढं सांगा."

महिनाभर रॉकेल आणि विटेच्या भुकटीनं मी गंज घासला. बोटं सोलली. एकेक तार ताणून चाकं सरळ केली. दादा खोलीबाहेर आला नाही. शेवटी चाकाची घरघर ऐकून तो कुबडी टेकत आला आणि हँडलवरून हात फिरवत म्हणाला, "बस."

"मी? ही तुझी हाय की."

"बस म्हणतो नव्हं!"

सगळं दादासाठी केलं, असं तेव्हा वाटायचं. सायकल मलाच हवी होती, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मी परकर खोचून बसले. एका हातानं सीट धरून तो मागं लंगडत होता. "खाली बघू नगंस, पुढं बघ!"

कोपऱ्यावर त्यानं हात सोडला. मी पडले नाही.