तेच पांढरे ठिपके

बायकोला मी ढोंगी म्हणालो, तेही शिरोळला, तिच्या माहेरच्या माणसांसमोर. तिच्या पायातलं बळ जायचं, डोळ्यांना एकाचे दोन दिसायचे आणि महिन्याभरात सगळं आपोआप बरं व्हायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिच्या मेंदूचा स्कॅन केला. तिथल्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, म्हणजे मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा, मधेच उसळून मधेच ओसरणारा रोग. मला पटेना. रिपोर्ट घरीच ठेवून, नुसत्या फिल्म घेऊन आम्ही कोल्हापुरातल्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो.

"रिपोर्ट कुठं हाय?"

"हरवला."

"परीक्षा घ्यायला आलाय की पावणं!" ते हसले.

फिल्म उजेडावर धरून त्यांनी पेन्सिलीचं टोक एकेका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. मुंबईत दाखवलेले तेच ठिपके, रोगाचं नावही तेच. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन माणसांना तिच्या डोक्यात एकच गोष्ट दिसली होती. इतकी वर्षं सोबत राहून मला ती दिसली नव्हती.

बाहेर येताच बायको म्हणाली, "माझं खरं मानायला दोन डॉक्टर लागलं व्हय?"

त्याच आठवड्यात शिरोळला जाऊन त्याच माणसांसमोर तिला म्हणालो, "चुकलं माझं. तू ढोंग करत नव्हतीस."