दादाचा आडवा तास

माझा थोरला भाऊ गिऱ्हाइकाच्या गाडीत झोपायचा. भर दुपारी, कामाच्या वेळेत, चपला दाराशी काढून आत जायचा आणि हात पोटावर ठेवून चांगला एक तास आडवा व्हायचा. शेजारचा टायरवाला मला हाक मारून विचारायचा, "काय, मालक उठले का?" मी म्हणायचे, "उठले की चहा घेऊन पाठवते तुमच्याकडे." हसत म्हणायचे, पण आतून चिडलेली असायचे. बाहेर गिऱ्हाईक चुळबुळत उभं आणि आत हे महाराज पहुडलेले.

आमचं दुकान घरगाड्यांचं. म्हणजे आत बिछाना, शेगडी, नळ, कपाट असं सगळं असलेली गाडी घेऊन लोक महिनोन्‌महिने फिरतात, त्या गाड्यांचं. गाडी कारखान्यातून येते तशी कोणाच्याच सोयीची नसते. पायरी उंच असते, गादी कडक असते, मागचं दिसत नाही. मग लोक आमच्याकडे येतात. दादा मागे कॅमेरा लावायचा, टायरमधली हवा कमी झाली की समोर दिवा लागेल अशी यंत्रं बसवायचा, दाराशी धरायला दांडा, उन्हासाठी बाजूला उघडणारं छत, आग विझवायची नळकांडी. उतारावर गाडी सरळ उभी राहावी म्हणून चाकाखाली घालायच्या पाचरीही द्यायचा. त्याचा पाणसळीवर फार जीव. कुठल्याही फळीवर आधी ती ठेवणार, मान वाकडी करून बुडबुडा बघणार. म्हणून अख्खा रस्ता त्याला पाणसळ म्हणायचा. मला दादा लवंगी म्हणायचा. का, ते सांगायला नको.

काम संपलं की गाडी धुवायची, आणि मग तो तास. दादाचं म्हणणं, उभ्या माणसाला गाडी कळतच नाही. आडवं झाल्यावर कळतं, कुठला स्क्रू खुडखुडतो, झरोका कुठे गळतो, हात लांब केला तर दिव्याचं बटण सापडतं का, घाईत उठलं तर डोकं कशावर आपटतं. तासाभराने बाहेर यायचा आणि काही ना काही दुरुस्त करायचाच. मी काउंटर सांभाळायचे, बारीकसारीक बसवण्याची कामंही करायचे. हात माझाही वाईट नव्हता. फक्त मला आडवं व्हायला वेळ नव्हता.

त्या वर्षी दादाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "टपालमास्तरांची गाडी तेवढी राहिली. गॅसचा भोंगा लाव आणि तासभर पड."

मास्तर टपालखात्यातून निवृत्त झालेले, सोबत त्यांच्या पत्नी; आम्ही त्यांना बाई म्हणायचो. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं जगभर पाठवली, आता आपण जायचं, असं ते येईल त्याला सांगायचे. मी भोंगा खोक्यातून काढला. आगपेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिच्यावर हिरवा लुकलुकणारा दिवा. शेगडीचा गॅस गळला की ती ओरडते. शेगडीच्या ओट्याखाली, पायाच्या घोट्याच्या उंचीवर मी ती धरली आणि बाई म्हणाल्या, "अगं, हा दिवा माझ्या उशीसमोर येतो. मला अंधार लागतो झोपायला. वर नाही का लावता येणार, त्या कपाटाच्या वर?"

मला माहीत नव्हतं असं नाही. धूर वर जातो, शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली साचतो, हे दादाने मला शंभरदा सांगितलं होतं. माहीत होतं, आणि तरी मी वर लावला. बाईंना नाही म्हणायचं, मग समजावत बसायचं, त्या हिरमुसणार, आणि मास्तर तर किल्ली हातात घेऊन उभेच होते. काय होतंय, असं मनात म्हटलं. दोन स्क्रू. बाई खूश झाल्या. मी आडवी झाले नाही. झाले असते तर ती डबी छताजवळ लुकलुकताना दिसली असती आणि मलाच माझी लाज वाटली असती.

घरी दादाने डोळ्यावर हिरवा पडदा धरून विचारलं, "पडलीस का तासभर?"

"पडले."

"भोंगा?"

"नेहमीच्या जागी."

तो म्हणाला, "शहाणी." त्या एका शब्दाने माझं जेवण गेलं.

त्यानंतरचे पाच महिने मला विचाराल तर सांगता येणार नाहीत. दुकानात शिटी वाजली तरी दचकायचे. रोज ठरवायचे, आज फोन करते. आठवडा गेला, मग वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगू? महिना गेला तसं सांगणं आणखीच अवघड झालं. काट्याचा नायटा झाला होता आणि तो मीच खाजवत बसले होते. एकदा केला फोन. बाईंनीच उचलला. इतक्या आनंदाने बोलल्या, तळ्याकाठी गाडी लावलीय म्हणाल्या, मास्तर मासे पकडायला बसलेत आणि एकही लागत नाही. मी विचारलं, "गादी कशी आहे?" म्हणाल्या, "छान आहे गं." मी फोन ठेवला.

पाच महिन्यांनी गाडी दुकानासमोर उभी राहिली. दोघं उतरले, धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार टिकला नाही.

मास्तर दादाला म्हणाले, "आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत. तुम्ही भोंगा दिला आणि आम्ही मेल्यासारखे झोपलो. खराब रस्त्याने शेगडीची नळी ढिली झाली होती. पहाटे हिला जाग आली, चष्मा खाली पडला म्हणून वाकली, तर जमिनीशी गॅसचा भपकारा. दार उघडून बाहेर पळालो. भोंगा काही शेवटपर्यंत ऐकू आला नाही, आमचे कानच गेलेत आता. याहून मोठा आवाज करणारा मिळतो का?"

ते माफी मागत होते. आमची.

दादा गाडीत चढला. मी दाराशी उभी. त्याने ओट्याखाली पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग नव्या डोळ्याने हळूहळू वर पाहिलं. हात उंच करून डबीवरचं तपासणीचं बटण दाबलं. भोंगा असा केकाटला की टायरवाला बाहेर आला. दादाने तो बंद केला आणि माझ्याकडे एकदाच बघितलं.

खाली उतरून मास्तरांना म्हणाला, "कान उत्तम आहेत तुमचे. त्या रात्री तो वाजलाच नाही. जागा चुकलीय. चूक माझी."

बाई म्हणाल्या, "तुमची कशी? तुमच्या तर डोळ्याला पट्टी होती तेव्हा."

"दुकान माझं आहे." मग खालच्या आवाजात, बहुतेक स्वतःशीच, "आपलेच दात, आपलेच ओठ."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने माझी चूक अंगावर घेतली, तेव्हा मला ती पहिल्यांदा पुरती दिसली.

मी म्हणाले, "मी लावला. खाली लावायचा असतो हे माहीत असून वर लावला. तासभर पडलेही नाही आणि घरी खोटं सांगितलं."

मास्तर खाली बघायला लागले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी फोन केलास, तो हे सांगायला?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आणि मी भेटेल त्याला सांगत होते," बाई म्हणाल्या, "की असं दुकान पाहिलं नाही. पाच पाच गावं ओलांडली तरी गादी कशी आहे विचारायला फोन करतात."

मी आतून नवी नळी आणून दादाच्या हातात दिली.

दादाने नळी बदलली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. भोंगा घोट्याच्या उंचीवर लावला. मग म्हणाला, "लवंगे, चपला काढ. आत जा."

भर दुपारी, सगळ्यांसमोर, मी बाईंच्या गादीवर आडवी झाले. दार उघडंच होतं. टायरवाल्याने त्या दिवशी चेष्टा केली नाही. बाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या, माझ्याकडे बघत. एक स्क्रू खुडखुडत होता. आणि तो हिरवा दिवा, अगदी उशीसमोर, लुकलुकत होता. डोळे मिटले तरी दिसत होता.

तास झाल्यावर मास्तरांनी दारातून विचारलं, "दिवा डोळ्यात येतो का हो?"

"येतो," मी म्हणाले.

बाई खुर्चीतून उठत म्हणाल्या, "येऊ दे."