बुधवार पेठेच्या गच्चीवरची तार

अमरावतीहून पुण्याला निघालो तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात अँटेना. प्लास्टिकच्या पाइपावर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवून ती मीच घरी केली होती. समोरच्या बाईंनी अकोल्यापर्यंत धीर धरला आणि मग विचारलंच, "काकाजी, हे काय होय? कपडे वाळू घालाचं काय?"

"उपग्रह ऐकाचा आहे," मी म्हटलं. बाईंनी लेकराला जवळ ओढून घेतलं.

मी जुना तारमास्तर. तार बंद झाली, पण तिची कट्ट-कडकट्ट भाषा कानातून गेली नाही. निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा नाद लागला आणि त्या नादात निमाची ओळख झाली. निमा पूर्व आफ्रिकेची, पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. तिच्या देशाने पहिल्यांदाच स्वतः घडवलेला, मिठाईच्या खोक्याएवढा उपग्रह नुकताच अवकाशात सोडला होता. नाव 'म्वांझो' (सुरुवात). पण सुटल्यापासून त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नव्हता. आवाज पाठवणारं यंत्र निमाच्या थोरल्या भावाच्या हातचं, म्हणून सगळी बोटं त्याच्याकडे. त्याने जेवण सोडलं होतं. "काका, मला माझ्या कानाने ऐकायचं आहे," ती फोनवर म्हणाली. मग मला घरी बसवेना.

निमाची खोली सदाशिव पेठेत. जिन्यात पाटी होती: 'गच्चीवर जाऊ नये. कारण विचारू नये.' आम्ही विचारलं नाही. खानावळीत आमटी (आपलं वरणच, पण गूळ घातलेलं) जेवलो आणि बुधवार पेठेतल्या रेडिओच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो, कारण गाडीत अँटेनाची पिन मोडली होती.

"तुम्ही मोडलीत की मोडकीच घेतली होतीत?" दुकानदार परांजपे म्हणाले. पण नवी पिन बसवून दिली आणि निमाची हकिकत त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकली. "वर आमची गच्ची आहे. कबुतरं आहेत. ती तुम्हाला त्रास देणार नाहीत, तुम्ही त्यांना देऊ नका."

दिवेलागणीला उपग्रह पुण्यावरून जाणार होता. तो आकाशात असतो जेमतेम दहा मिनिटं. मी बॅगेतला रेडिओ काढून अँटेनाला जोडला, अँटेना नैर्ऋत्येकडे धरली, एक हेडफोन निमाच्या कानाला, एक माझ्या. नुसती खरखर. खाली दुकानांच्या सरकत्या अक्षरांच्या दिव्यांच्या पाट्या झगमगत होत्या. खरखर त्यांचीच होती.

"अहो परांजपे, पाटी बंद करता का जरा?" मी कठड्यावरून ओरडलो.

"का? डोळ्यांत जाते?"

"या पोरीच्या देशाचा उपग्रह ऐकू येत नाही हो!"

पाटी विझली. खरखर थोडी कमी झाली, पण पुरेशी नाही. तेवढ्यात परांजपे स्वतः रस्त्यावर उतरले. "बंद करा रे पाट्या! नाहीतरी वाचून कोण येतंय!" त्यांचा आवाज वरपर्यंत आला. एकेक पाटी विझत गेली. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी त्या माणसांनी अंधार केला, त्यांचे आभार कसे मानावेत मला अजून कळत नाही.

आणि मग, एरवी खरखरीत बुडूनच गेला असता इतका बारीक आवाज, कट्ट-कडकट्ट. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणू लागलो. एम. डब्ल्यू. ए. पुढची अक्षरं निमाने माझ्याबरोबरच म्हटली. तिने भावाला फोन लावला आणि फोन हेडफोनला टेकवला. पलीकडून नुसतं रडणं आलं. "असांते (आभार), काका," निमा म्हणाली. तीही रडत होती, मीही.

परांजपे धापा टाकत वर आले. "लावू का आता पाट्या?"

"लावा. जिवंत आहे तो."

"मग इतके दिवस बोलत का नव्हता?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

परतीच्या गाडीत अँटेना मांडीवर घेऊन बसलो. उभ्या नोकरीत अभिनंदनाच्याही तारा घेतल्या, पण लक्षात राहिल्या त्या 'गंभीर आहे, ताबडतोब निघा' आणि 'वारले' या. लग्नघरी मी दिसलो तरी बायका दचकायच्या. आपल्या विद्येवर मी मनातून जरा रुसलेलोच होतो. निमाने मला पुण्याला बोलावलं, हे तिचे उपकार. अमुक जिवंत आहे, अशी तार कुणी कधी करतच नाही. तशी एक तार माझ्या हातून गेली, या वयात, पहिल्यांदा.