दोन टोकांची ओळख

वन्सं सकाळी गेल्या आणि संध्याकाळी टोरांटोहून ईराचा, माझ्या नातीचा, फोन आला. तिने एवढंच विचारलं, “आजी, शेवटी आत्याआजी मला विसरली होती ना?” मी “नाही गं” म्हणाले आणि फोन ठेवला. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. पाच आठवडे झाले, ते अजूनही फारसं नाही... तरी ईरा, तुझ्यासाठी लिहिते.

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आमच्याबरोबर राहिल्या आणि जन्मभर रसायनशास्त्रात संशोधन केलं. दुसऱ्या रेणूला दोन जागी धरू शकेल असा रेणू घडवायचा, हे त्यांचं काम. एकदा त्यांच्या इंग्रजी लेखाचं मी मराठी केलं. धरणारा तो ‘यजमान’ आणि धरला जाणारा तो ‘पाहुणा’, असे सरळ शब्द घातले. ‘यजमानाने पाहुण्याला दोन ठिकाणी धरले पाहिजे’ हे वाक्य वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“सुधा, यजमान कुणाचे? तुझे असतील तर वाक्य खोड. त्यांना लोणच्याची बरणी दोन हातांनी धरवत नाही.”

आतून तुझे आजोबा ओरडले, “ऐकू येतंय हं, ताई!”

“यावं म्हणूनच बोलतेय.”

मग शांतपणे त्यांनी मला समजावलं. एक टोक पुष्कळांचं जुळतं. तेवढ्यावर पाहुणा लागतो आणि सुटतो. दोन्ही टोकं जुळली, मधलं अंतरही बरोबर बसलं, की मग ओळख पक्की.

पक्षाघातानंतर वन्सं माणसं ओळखेनाशा झाल्या. मी हाक मारली की अदबीने विचारायच्या, “आपण कोण?” इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ते ‘आपण’ फार लागायचं. न बोलता हात धरला तर हात काढून घ्यायच्या. एका दुपारी मी त्यांच्या तळव्याला तेल चोळत होते आणि सहज म्हणाले, “वन्सं, दुखतंय का?”

“सुधा, तेल गार आहे.”

पुढे पुष्कळदा तसंच झालं. नुसता आवाज, नुसता स्पर्श... काही नाही. दोन्ही मिळून मी सापडायची. डॉक्टर म्हणाले, असा काही नियम नाही. नसेलही.

म्हणून ईरा, वन्सं असताना तुझा फोन आला तेव्हा तो त्यांच्या कानाशी धरून मी मुद्दाम त्यांचा हात हातात घेतला. तू म्हणालीस, “आत्याआजी, ओळखलंस का?” त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “सुधा, तुझा आवाज किती कोवळा झालाय.” चूक माझी होती. आवाज तुझा आणि हात माझा, असा जोड मी दिला. त्यांनी आपल्या परीने तो जुळवला.

विसरल्या नव्हत्या गं. तू त्यांना अर्धीच मिळाली होतीस.

भाड्याचा पलंग परत गेला. त्याच्या शेजारची खुर्ची तेवढी खोलीत उरली आहे. तुझा फोन येतो तेव्हा मी त्याच खुर्चीत बसते. तुझा आवाज स्वच्छ येतो... आणि मलाही तू अर्धीच मिळतेस.